साडेसातच्या आधी

८ डिसेंबर, रविवार

ही वही पक्ष्यांसाठी. पंपिंगला पक्षी दाखवणारे हर्षदभाई म्हणाले, "जयाबेन, जे दिसेल ते त्याच दिवशी लिहायचं. नाहीतर संध्याकाळपर्यंत बगळ्याचा फ्लेमिंगो होतो." म्हणून लेकीच्या, प्रांजलच्या, कॉलेजातल्या एका अर्ध्या वहीची उरलेली पानं घेतली.

भांडुप पंपिंग स्टेशन, पावणेसात ते साडेसात. शेकाट्या अकरा. वंचक चार. खंड्या एक, तारेवर. जांभळ्या पाणकोंबड्या दोन, लाल चोचीच्या, चिखलात अशा चालत होत्या की जणू पायात नव्या चपला आहेत. एक लहान भुरा पक्षी गवतात गेला, कळला नाही.

पक्षी संपले, पान उरलंय. म्हणून बाकीचं.

ऑक्टोबरात लॅबमध्ये एका पेशंटच्या दंडाला पट्टा बांधताना माझे हात थरथरायला लागले आणि थांबेचनात. सव्वीस वर्षं रक्त काढतेय मी. पेशंट बिचारा म्हणाला, "मॅडम, तुम्हीच बसा जरा." बीपी निघालं एकशे सत्तर. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, रोज एक तास स्वतःसाठी काढा. मला हसू आलं. सासूबाई एकोणऐंशीच्या, वॉकर धरून चालतात. ह्यांची डेपोत शिफ्ट, माझी लॅब, पाण्याची वेळ. तास काढायचा कुठून?

जिन्याखाली प्रांजलची जांभळी सायकल धूळ खात होती. ती पुण्याला नोकरीला लागल्यापासून कुणी हात लावला नव्हता. ह्यांनीच ती पुसून, हवा भरून दिली. म्हणाले, "मी सकाळी घरी असतो. तू जा." मुलुंडहून पंपिंगपर्यंत वीस मिनिटं. हायवे सोडून आत वळलं की मिठागरं आणि खाडीचा वास.

तास निघाला.

१७ डिसेंबर, मंगळवार

हर्षदभाईंनी दुर्बीण कशी धरायची ते परत शिकवलं. रिटायर झाल्यापासून रोज येतात, आणि दर दोन वाक्यांनी "हलू नका" म्हणतात. आज वेडे राघू सात, एकाच तारेवर, सगळ्यांची तोंडं सूर्याकडे. पंधरा मिनिटं मी कुणाची कोणी नव्हते. असं लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

घरी आले तर आई पलंगावर बसलेल्या. मला म्हणाल्या, "थंडी असता सकाळची. कानाक बांध काय तरी." आणि उशीखालून त्यांचा जुना लोकरीचा स्कार्फ काढून दिला. मी म्हटलं, "आई, लॅबमध्ये एसी असतो, पण एवढा नाही." सायकलचं त्यांना आम्ही सांगितलेलं नाही. सून पन्नाशीत सायकल फिरवते म्हटल्यावर गावाकडे फोन जातील.

संघमित्रा आली साडेसातला, घड्याळ लावावं तशी. आईंना सांभाळायला ब्यूरोने पाठवलेल्या चौथ्या बाईला आम्ही गेल्या वर्षी हो म्हटलं, ती ही. घाटकोपरहून येते. आईंना तिचं नाव जड जातं, त्या "मितरा" म्हणतात. आई फक्त तिच्याच हातून अंघोळ करतात. माझ्या हातून केली तर म्हणतात पाणी डोळ्यात गेलं.

३० डिसेंबर, सोमवार

एक तारखेपासून ह्यांची पहिली शिफ्ट, दोन महिने. पहाटे सव्वापाचला घर सोडणार. जेवताना म्हणाले, "सायकलचं काय करणार?"

"संघमित्रा साडेसातला आल्यावर जाईन."

"नऊला लॅब आहे ना तुला?"

"मग बंद ठेवीन दोन महिने. त्यात काय."

"आईला एकटं नको ठेवूस फक्त."

"वेडे आहात का?" असं मी म्हटलं. याच शब्दांत.

३ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस गेले नाही. काल लॅबमध्ये एका लहान मुलीची शीर तीनदा चुकली. तिची आई मला काय काय बोलली.

आज सव्वासहाला उठून बघितलं, आई गाढ. दुलई तोंडापर्यंत. घोरत पण नव्हत्या. आठ वाजेपर्यंत त्या कधी हलत नाहीत हे मला माहीत आहे. दाराची कडी बोटांनी धरून, आवाज न करता लावली आणि निघाले. सव्वासातला परत. पाणी साडेसहा ते पावणेआठ येतं, पंधरा मिनिटांत पिंप आणि बादल्या भरल्या. संघमित्रा आली तेव्हा मी ओट्याशी.

कुणाचं काही बिघडलं नाही.

खंड्या दोन. चिखलावरच्या छोट्या तुतारी बऱ्याच, मोजल्या नाहीत. मोजायला लक्ष लागलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

सलग पाचवा दिवस. आई रोज तशाच, भिंतीकडे तोंड करून, एकदम स्तब्ध. वय झालं की झोप कमी होते म्हणतात, पण आईंचं उलटंच.

गळ्याला निळा पट्टा असलेला पक्षी! हर्षदभाईंचा फोटो पण हलला, एवढा आनंद.

संध्याकाळी भाजी निवडताना आई एकदम म्हणाल्या, "आज पाखरां बरीच होती काय गो?" मी चटकन त्यांच्याकडे बघितलं. मग लक्षात आलं, टीव्हीवर जंगलाचं काहीतरी लागलं होतं. मी म्हटलं, "हो, बरीच." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "पाण्यासाठी एवढी धावपळ कित्या करतंस? धाप लागता तुका."

ह्यांनी विचारलं, सायकल बंद आहे तर चिडचिड होत नाही ना? नाही म्हटलं. गोळी रोज घेतेस ना? हो म्हटलं. दोन उत्तरांत एक खरं होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आई पडल्या. खुब्याचं हाड मोडलंय. उद्या-परवा ऑपरेशन. मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसलेय. हे वर आईंजवळ आहेत.

आज वही आणायला नको होती. पिशवीतच होती.

१९ जानेवारी, रविवार

जसं झालं तसं लिहिते. दुसरं कुठे लिहिणार?

शुक्रवारी मी सव्वासहाला निघाले. हर्षदभाईंनी आदल्या दिवशी पाणलाव्याची जागा दाखवली होती. फार लाजरा पक्षी, गवताच्या कडेला बसतो, तासभर दगडासारखं बसलात तर बाहेर येतो. मी फोन सायलेंट केला आणि बसले. तो आला. डोळ्याभोवती पांढरी रेघ, कुणी खडूने काढल्यासारखी. चिखलात चोच घालून शांतपणे खात होता, माझ्यापासून वीस पावलांवर. सात वाजून गेल्याचं मला कळलं होतं. हे मुद्दाम लिहिते. मला कळलं होतं. म्हटलं, एक दिवस पाणी नाही भरलं तर काय होतं.

आठ वाजून पाच मिनिटांनी फोन बघितला. संघमित्राचे अकरा मिस्ड कॉल. ह्यांचे चार.

घरी पोचले तेव्हा खाली अँब्युलन्स होती. आईंना स्ट्रेचरवर आणत होते आणि संघमित्रा त्यांचा हात धरून चालत होती. आई तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होत्या. मला बघून थांबल्या. मी सायकल कंपाउंडच्या भिंतीला टेकवली, ती पडली, तशीच राहू दिली.

आई मोरीच्या दारात पडल्या होत्या. नळ वाहत होता, पाइप पिंपात, पिंप भरून पाणी बाहेर. त्या मोरीकडे का गेल्या कोण जाणे. वॉकर पलंगाजवळच होता. पाणी सुरू होतं म्हणजे साडेसहानंतर कधीतरी. संघमित्रा आली सात चाळीसला. नेमका त्याच दिवशी तिला दहा मिनिटं उशीर. म्हणजे आई जास्तीत जास्त एक तास दहा मिनिटं त्या ओल्या फरशीवर होत्या. कमीत कमी किती, ते मी मोजत नाही.

हॉस्पिटलात हे डेपोच्या कपड्यांतच आले. हाताला ग्रीस. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "तू कुठे होतीस?"

आणि मी म्हटलं, "संघमित्राचा फोन आला होता. कोपऱ्यावर आलेय म्हणाली. म्हणून सात पंचवीसला मी निघाले. म्हटलं एक चक्कर मारून येऊ. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता."

आधी ठरवलं नव्हतं. बोलून गेले. प्रत्येक शब्द असा नीट आला, जणू कुणी लिहून दिला होता.

ते तिच्याकडे वळले. "कोपऱ्यावर होतीस तर वर यायला एवढा वेळ? कुठे होतीस तू?"

संघमित्राने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "दहा मिनिटं उशीर झाला, दादा."

बस, एवढंच. फोन केला नव्हता म्हणाली नाही. नळ कधीपासून वाहत होता, म्हणाली नाही. बिचारी घाबरली असेल.

"तुझ्यावर घर टाकलं होतं आम्ही," हे म्हणाले. ह्यांचा आवाज कधी चढत नाही. पॅसेजमधल्या लोकांनी मान वळवली.

२२ जानेवारी, बुधवार

ऑपरेशन नीट झालं. आई शुद्धीवर आल्या तेव्हा ह्यांनी विचारलं, "आई, कधी पडलीस गं? किती वाजले होते?"

"माका कळाक नाय," आई म्हणाल्या. भिंतीवर घड्याळ आहे आमच्या, एवढं मोठं, त्यांच्या पलंगासमोर.

चेतना बोरिवलीहून आली. माझी नणंद. तिचं प्रेम नेहमी भांडणाच्या वाटेने येतं. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभं राहूनच तिने ब्यूरोला फोन लावला. "म्हातारं माणूस तुमच्या भरवशावर असतं आणि तुमची बाई कोपऱ्यावर टाइमपास करते? काढून टाका तिला. मी लेखी देते." दिलंसुद्धा, मोबाइलवर, तिथल्या तिथे. मग मला म्हणाली, "वहिनी, तू जास्तच साधी आहेस. म्हणून बायका डोक्यावर बसतात."

मी तिच्या पर्सचा बंद नीट करत होते.

१ फेब्रुवारी, शनिवार

आई घरी. नवीन बाई येते, चंपा नावाची. चांगली आहे. आई तिच्याशी हूं आणि नको एवढंच बोलतात.

रोज सकाळी साडेसातला बेल वाजली की विचारतात, "मितरा इली?"

आज ह्यांनी सांगितलं, "आई, ती नाही येणार आता. तिच्यामुळेच तू पडलीस ना."

आईंनी मान माझ्याकडे वळवली. मी चादरीच्या सुरकुत्या काढत होते. चादर नीटच होती.

९ फेब्रुवारी, रविवार

हे घरी होते, म्हणाले, "जाऊन ये तासभर. चेहरा बघ आरशात." गेले.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आले आहेत. ओहोटी होती, चिखलावर दूरपर्यंत गुलाबी. हर्षदभाई मोजत होते, तीनशेच्या पुढे आकडा हरवला. मग एक बोट फटफटत गेली आणि सगळे एकदम उठले, पंखांच्या आतला लाल-काळा रंग दिसला, आणि माझ्या तोंडून मोठ्याने "आई गं" निघालं. आनंदाने.

परत येताना हायवेवर उभी राहिले थोडी. लाज कशाची वाटत होती ते नीट कळेना. खोटं बोलल्याची की आज आनंद झाला त्याची. त्या बाईचं काम गेलं आणि मला पक्षी दिसतात.

गुरुवारपासून तिला मेसेज लिहितेय. "कशी आहेस?" लिहिते आणि पुसते. ती काय उत्तर देणार? "बरी आहे" म्हणाली तर मी लगेच विश्वास ठेवीन, हीच भीती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चंपा सहज म्हणाली, ब्यूरोत सगळ्या बायकांना सांगितलंय, मुलुंडच्या केसमधली ती म्हणून. संघमित्राला तिथून पुन्हा काम नाही. दुसऱ्या ब्यूरोवाल्यांनाही कळवतात म्हणे. "वाट लागली बिचारीची. पण चूक ती चूक, ना ताई?"

बीपी एकशे साठ.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपारी हे चेतनाला स्टँडवर सोडायला गेले होते. मी आईंच्या पायाला तेल लावत होते. आई म्हणाल्या, "सायकल बंद केलंस?"

मी वाटीतलं तेल परत तळव्यावर घेतलं.

"माका काय म्हातारी म्हणान दिसणा नाय की ऐकाक येणा नाय? रोज जाग असता माका. चारपासून. तू कडी लावतंस ती उंदरासारखी. मी डोळे मिटून ऱ्हवतंय. म्हटलंय, जावंदे. माझ्या पोरीक जरा मोकळा वाटता."

"आई, तुम्ही..."

"ऐक आधी. त्या दिवशी पाणी इला. तू येवक नव्हतंस. म्हटलंय, आज मी पाइप लावतंय, पाणी भरून ठेवलंय तर तुका धावत येवक नको." त्या छताकडे बघत होत्या. "वॉकर घेवक व्हयो होतो. घेवक नाय. माझी चूक."

मी तेलाची वाटी खाली ठेवली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. एकोणऐंशी वर्षांची बाई, जी मला कधी "पोरगी" म्हणाली नाही, ती माझं पाणी भरायला उठली होती.

"रडा नको गो. माका दुखता थंय." मी डोकं उचललं. "मितराक मीच सांगितलंय, जयाचा नाव काढू नको म्हणान. माका काय ठावक, तिच्याच गळ्यात पडात ता? माझ्यापायी त्या पोरीचा काम गेला."

"तुमच्यापायी नाही, आई."

"मगे कोणापायी?"

खरंच उत्तर हवं होतं त्यांना.

"माझ्या चंदूक तू सांग," शेवटी म्हणाल्या. "मी सांगूचंय नाय."

२४ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं नाही. ह्यांचं डोकं दुखत होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज त्यांचं डोकं दुखत नव्हतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

ह्यांना सुट्टी. साबुदाण्याची खिचडी केली. ताट समोर ठेवलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. सव्वासहा. दोन आठवडे जवळजवळ रोज. पाणलावा. फोन आला नव्हता. कोपरा वगैरे काही नव्हतं. बसून सांगितलं असतं तर मधेच रडले असते, आणि रडले असते तर त्यांनी मला समजावलं असतं.

ते खात नव्हते. चमचा तसाच हातात.

"आई पडली, ते एक," म्हणाले. "म्हातारं माणूस आपण घरात असताना पण पडतं. तू गेलीस, त्याचा राग येईल मला, जाईल पण. पण जया, मी त्या पोरीला चारचौघांत बोललो. ती मान खाली घालून उभी होती आणि मी बोलत होतो. आणि तू बाजूला होतीस."

"हो."

"माझ्या तोंडून बोललीस तू ते."

मला हे सुचलं नव्हतं. इतके दिवस मी खोटं बोलले असं लिहितेय. खोटं मी एकदाच बोलले. पुढचं सगळं दुसऱ्यांकडून बोलवून घेतलं, ह्यांच्याकडून, चेतनाकडून.

"चला, दोघं जाऊ तिच्याकडे," मी म्हटलं.

"तू जा. मी माझा वेगळा जाईन. माझी माफी तुझ्यात मिसळायची नाही."

खिचडी झाकून ठेवली. संध्याकाळी बघितलं तर तशीच होती. आज उपास खरा घडला त्यांना.

२ मार्च, रविवार

घाटकोपरला गेले. भटवाडीच्या वर, डोंगराच्या अंगाने पायऱ्या. दोन ठिकाणी दम घ्यायला थांबले. पत्ता चंपाने काढून दिला, का ते न विचारता. सोबत मिठाई घेतली होती, अर्ध्या वाटेत ती एवढी वाईट दिसायला लागली की एका पायरीवर खेळणाऱ्या मुलींना वाटून टाकली.

संघमित्रा कपडे वाळत घालत होती. मला बघून चिमटा तोंडातून काढला. "या, ताई. बसा."

खोली छोटी, लख्ख. तिची मुलगी कोपऱ्यात अभ्यास करत होती, तिला तिने मैत्रिणीकडे पाठवलं. मग समोर बसली, हात मांडीवर ठेवून. आमच्याकडे ती कधी अशी बसलेली आठवत नाही. उभीच असायची, नाहीतर आईंच्या पायाशी.

"आजी चालतात का?"

"दहा पावलं. वॉकर धरून."

"डावा पाय आधी टाकायला सांगा. त्या उजवा टाकतात." मग म्हणाली, "बोला."

मी बोलले. येताना नीट जुळवलं होतं, तसं काही निघालं नाही. शेवटी म्हटलं, "आईंनी तुला गप्प राहायला सांगितलं, आणि तू त्यांच्यासाठी एवढं सोसलंस..."

"थांबा ताई," ती म्हणाली. "आजींनी सांगितलं, ते खरं. पण मी त्यांच्यासाठी गप्प बसले असं नका समजू. मी बोलले असते तर दादांनी ऐकलं असतं का? तुम्ही घरच्या. मी ब्यूरोची. फोनमध्ये बघा म्हटलं असतं, तर फोन बघितला असता, पण मला ठेवलं असतं का? मालकिणीला खोटं पाडणारी बाई कोण ठेवतं?" राग नव्हता आवाजात. एखादा रस्ता कुठून कुठे जातो ते सांगावं, तसं सांगत होती. "तुमच्याकडे बघितलं मी तेव्हा. आठवतं का? म्हटलं, आता बोलतील."

"आठवतं."

"एक दिवस वाट बघितली. मग ब्यूरोतून फोन आला."

"मी माफी मागायला..."

"ते बघू नंतर. लिहून द्या."

मला कळेना.

"माझं नाव खराब झालंय, ते तोंडी नीट नाही होणार. त्या दुसऱ्या ताईंनी लेखी दिलंय ना? तुम्ही पण लेखी द्या. सही करून." तिने मुलीच्या वहीतून पान काढलं. नीट, मधल्या पिनांपासून, जोडीचं पान सुटू नये म्हणून बोटाने दाबून.

मी लिहिलं. १७ जानेवारी रोजी मी सकाळी सव्वासहा वाजता सासूबाईंना एकटं ठेवून बाहेर गेले होते. संघमित्रा यांनी मला कोणताही फोन करून कोपऱ्यावर असल्याचे सांगितले नव्हते. सासूबाई त्यांच्या येण्याच्या वेळेच्या बऱ्याच आधी पडल्या. झालेल्या प्रकाराला मी जबाबदार आहे. या वहीत मी पानंच्या पानं लिहिली, तेव्हा हात कधी अडला नाही. ते चार ओळींचं लिहायला वीस मिनिटं लागली.

तिने वाचलं. एकेका ओळीवर बोट ठेवून. मग पान परत माझ्यापुढे सरकवलं.

"मला दहा मिनिटं उशीर झाला होता. ते पण लिहा."

"त्याचा काही संबंध नाही, संघमित्रा. तू साडेसातला आली असतीस तरी..."

"संबंध नाही, माहीत आहे मला. पण झाला होता ना उशीर? पोरीच्या वेण्या घालत होते, शाळेत फोटो होता तिचा. खरं लिहायचं तर सगळं लिहा. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, हिने बसून लिहून घेतलं."

मी लिहिलं. त्या दिवशी संघमित्रा यांना दहा मिनिटे उशीर झाला होता.

पान घडी घालून तिने डब्यात ठेवलं, आणि मला दुसरं पान दिलं. "अजून एक करा. एक माझ्याकडे राहू दे."

निघताना विचारलं, येशील का परत आईंकडे? ती चिमटे गोळा करत होती. "नाही, ताई. काम मिळेल मला आता. आजींना सांगा, भेटायला येईन कधीतरी."

माफीचं बघू नंतर म्हणाली होती. ते तिने बघितलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही.

४ मार्च, मंगळवार

ब्यूरोच्या बाईंनी चष्मा लावून पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "असं कोणी आणून देत नाही हो." फाइलला लावलं. माझ्यासमोर दोन फोन केले.

चेतनाला मी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "मला खोटं पाडलंस, वहिनी. मी काय काय बोलले तिला." आणि फोन ठेवला. परत लावला नाही अजून.

हे काल एकटेच घाटकोपरला जाऊन आले. काय बोलणं झालं सांगितलं नाही. आल्यावर चहा मागितला. तेवढंच, पण मागितला.

९ मार्च, रविवार

हे म्हणाले, "जायचं तर जा. मी आहे." बुटांकडे बघत म्हणाले. आईंच्या पलंगाजवळ जाऊन मी मोठ्याने सांगितलं, "आई, मी सायकलवर जाते. आठपर्यंत येईन." आईंनी डोळे उघडे ठेवून "बरा" म्हटलं.

रोहित कमी झालेत. पाणलाव्याच्या जागेकडे गेले नाही. शेकाट्या नऊ. पावणेआठला परत.

१६ मार्च, रविवार

संघमित्रा आली. न सांगता, अकरा वाजता, मुलीला घेऊन. नवी साडी, केसात अबोली. क्षणभर मी ओळखलं नाही तिला, कामाच्या गाउनशिवाय कधी बघितलंच नव्हतं.

आई तिला बघून आधी रुसल्या आणि मग तिचा हात सोडेचनात. "खंय होतंस इतके दिस?" तिने आईंना उभं केलं, डावा पाय आधी टाकायला लावला आणि खिडकीपर्यंत नेऊन आणलं. बावीस पावलं. मोठ्याने मोजली, मुलीने पण. हे बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते, पान उलटत नव्हते. विक्रोळीला काम मिळालंय तिला, एक आजोबा आहेत, खूप शिव्या देतात म्हणे, पण मनाचे चांगले.

मी चहा ठेवला. मांडणीवरून तिचा नेहमीचा स्टीलचा पेला काढला, मग परत ठेवला, आणि कपाटातले पाहुण्यांचे कप काढले. ट्रे पुढे केला. ती खुर्चीवर बसली होती. उठली नाही. कप घेतला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"साखर कमी आहे, ताई."

सव्वा वर्षात तिने माझ्या चहाला कधी नाव ठेवलं नव्हतं. मी आत गेले आणि साखरेचा डबा घेऊन आले.

"किती घालू?"

"एक चमचा. भरून."